तेविसातले वीस

वैद्य श्रीरंग पांढरीपांडे यांचं आडनाव अमेरिकेत कुठेच पुरतं मावत नसे. लायब्ररीच्या कार्डावर ते मध्येच तुटलं होतं, औषधांच्या दुकानात नुसतं 'पांडे'वर भागत होतं, आणि दातांच्या डॉक्टरांकडची रिसेप्शनवरची मुलगी तर सरळ 'मिस्टर पी' म्हणून हाक मारायची. नागपूरच्या आयुर्वेद महाविद्यालयात चौतीस वर्षं शिकवलेला माणूस, ज्याच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग चिडीचूप व्हायचा, तो इथे मिस्टर पी. पण २००७ च्या उन्हाळ्यात एक बाटली बाजारात आली आणि तिच्यावर ते आडनाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, आधी 'प्रोफेसर' लावून, सोनेरी शाईत छापलं गेलं. त्या दिवसापासून श्रीरंगरावांची मान जरा जास्तच ताठ झाली.

बाटली सांधेदुखीवरच्या कॅप्सुलांची होती आणि ती काढणारा उल्हास. उल्हास हाही नागपूरचाच, पंचेचाळिशीचा, जिभेवर साखर ठेवून बोलणारा. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात मोटार कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामं करायचा. ती नोकरी सुटली तेव्हा वनौषधींच्या धंद्यात शिरला. महाविद्यालयाच्या १९८३ सालच्या वार्षिक अंकातला श्रीरंगरावांचा लेख त्याने कुठून पैदा केला देव जाणे. गुडघेदुखीच्या तेवीस रुग्णांना सहा आठवडे गुग्गुळाचं औषध दिलं, त्यांतल्या वीस जणांना आराम पडला, असा तो लेख. उल्हासने तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणला, टेबलावर ठेवला आणि काही बोलण्याआधी वाकून नमस्कार केला.

"सर, एवढं मोठं काम करून तुम्ही गप्प बसलात," तो म्हणाला. "लोकांपर्यंत पोचायला नको का हे?"

वाकलेल्या माणसाला नाही म्हणणं श्रीरंगरावांना जन्मात जमलं नव्हतं. शिवाय त्या लेखावर त्यांचा जीव. बायको होती तोवर थट्टा करायची, की यांना अपत्यं दोन, एक आसावरी आणि एक तो लेख, आणि लाडकं कुठलं ते मला विचारू नका. ती गेल्यावर ते मुलीकडे ट्रॉयला राहायला आले. इथे लेखालाही कोणी विचारत नव्हतं आणि लेखकालाही. तेव्हा उल्हासला नाव वापरायची परवानगी त्यांनी तिथल्या तिथे दिली, मोबदला काही घेतला नाही, आणि घेतला नाही हे भेटेल त्याला सांगितलं.

"बाबा, कागद वाचून सही केलीत ना?" आसावरीने विचारलं.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ते म्हणाले. म्हणजे वाचला नव्हता.

दर रविवारी दुपारी गावातली मराठी ज्येष्ठ मंडळी कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत जमत. चहा, चिवडा, कोणाच्या मुलाने नवीन घर घेतलं, कोणाची सून भाकरी करायला शिकली, असे विषय. बाटली आल्यापासून त्या खोलीत श्रीरंगरावांचा दवाखानाच भरू लागला. ते प्रत्येकाजवळ जात, खांद्यावर हात ठेवत आणि विचारत, "काय मोरेश्वरराव, फरक आहे ना?"

"आहे सर," मोरेश्वरराव म्हणत.

"सरलाताई, तुम्हाला?"

"बराच आहे सर," सरलाताई म्हणत, आणि हात पदराखाली घेत.

श्रीरंगराव वहीत टिपून घेत. त्या वहीत ऑक्टोबरपर्यंत सतरा नावं झाली होती आणि सतराही जणांपुढे 'आराम' लिहिलेलं होतं. उल्हासने ती वही बघितली आणि जाहीर केलं, की येत्या रविवारी सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. श्रीरंगराव नको नको म्हणाले आणि शनिवारी सकाळीच सदऱ्याला इस्त्री करून ठेवली.

त्याच शनिवारी नात आली. हिमानी तेवीस वर्षांची, ॲन आर्बरच्या विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकत होती आणि दर दोन आठवड्यांनी धुण्याचं पोतं घेऊन घरी यायची. जन्म इथलाच, मराठी समजायची सगळी, बोलायची तिच्या पद्धतीने, वाचायला लावली की घाम फुटायचा. तिने पोतं धुण्याच्या मशिनपाशी टाकलं आणि आजोबांसमोर त्यांचीच बाटली ठेवली.

"आजोबा, मला क्लाससाठी एक असाइनमेंट आहे. कोणतंही एक सप्लिमेंट घ्यायचं आणि ॲडमधला प्रत्येक क्लेम चेक करायचा. मी हे घेतलं. बिकॉज इट हॅज युअर नेम."

श्रीरंगरावांना भरून आलं. आपला लेख आता अमेरिकेतल्या विद्यापीठात जाणार, आणि नेणार कोण, तर आपली नात. त्यांनी चष्मा पुसला, कपाटातून तो १९८३ चा अंक काढला आणि जेवणाच्या टेबलाशी अशा थाटात बसले, की आसावरी फोडणी अर्धवट टाकून बघायला आली.

"विचार," ते म्हणाले. "काय पाहिजे ते विचार."

हिमानीने आधी बाटलीवरचं इंग्रजी वाचून दाखवलं. तिथे लिहिलं होतं, की या कॅप्सुला सांध्यांना आराम वाटायला मदत करतात. त्यापुढे एक चांदणी होती आणि चांदणीचा खुलासा बाटलीच्या मागे, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत: हे विधान सरकारच्या औषध खात्याने तपासलेलं नाही, आणि हे उत्पादन कुठलाही आजार बरा करण्यासाठी नाही.

"आता हे," हिमानी म्हणाली, आणि तिने उल्हासने रविवारच्या मंडळीत वाटलेलं मराठी पत्रक पुढे केलं. "हे मला नीट वाचता येत नाही. तुम्ही वाचा, मी टाइप करते."

श्रीरंगरावांनी घसा साफ केला आणि वर्गात वाचायचे तसं खणखणीत आवाजात वाचू लागले. "संधिवात मुळापासून बरा. सत्त्याऐंशी टक्के रुग्णांना संपूर्ण आराम. प्रोफेसर पांढरीपांडे यांनी रुग्णालयात सिद्ध केलेलं सूत्र. इतर औषधांची गरजच उरत नाही."

शेवटच्या वाक्यावर त्यांचा आवाज जरा खाली आला. पत्रक त्यांनी याआधी वाचलं नव्हतं. पत्रकावरचा स्वतःचा फोटो मात्र पुष्कळदा पाहिला होता.

"सो," हिमानी टाइप करता करता म्हणाली, "इंग्लिशमध्ये लिहिलंय की हे काहीच बरं करत नाही, आणि मराठीत लिहिलंय की सगळं बरं करतं. सेम बॉटल. आजोबा, यातलं खरं कुठलं?"

"इंग्रजी लिहिणारा वकील असतो, त्याला काय कळतंय," श्रीरंगराव म्हणाले. "लेख बघ. तेविसातले वीस. सत्त्याऐंशी टक्के, अगदी बरोबर आहे."

"लेखात संपूर्ण आराम आहे?"

लेखात 'आराम' होता. त्यात थोडा, मध्यम आणि पूर्ण असे तीन प्रकार होते आणि पूर्ण आरामवाले होते चार. श्रीरंगरावांनी हे सांगितलं, पण सांगताना त्यांना ते आवडलं नाही.

"आणि तुम्ही दिलं ते औषध हेच आहे?"

इथे त्यांनी एक कॅप्सूल उघडून पूड तळहातावर घेतली, हुंगली, चिमटीत चोळली. हळद होती. सुंठ होती. गुग्गुळ होता, पण किती ते नाक सांगू शकत नव्हतं, आणि बाटलीवर नुसतं मिश्रणाचं एकूण वजन दिलं होतं, आत काय किती ते नाही. त्यांच्या रुग्णांना मिळायचा तो गुग्गुळ काढ्यात शुद्ध केलेला, तुपाचा हात लावून कुटलेला, आणि त्याच्याबरोबर रोज तेल चोळून शेक आणि हलकं जेवण. "हे ते नाही," ते म्हणाले. वैद्य म्हणून त्यांना खोटं बोलता येईना. "त्याच्या जवळचं आहे."

हिमानीने टाइप केलं. मग तिने लेखाच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं. "तेवीस लोकांनी सहा आठवडे पूर्ण केले. सुरू किती जणांनी केलं होतं?"

"एकतीस."

"मग आठ जण कुठे गेले?"

"यायचे बंद झाले."

"का?"

चोवीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणीही विचारला नव्हता. संपादकाने नाही, प्राचार्यांनी नाही, उल्हासने तर नाहीच. श्रीरंगरावांनी बाटलीचं झाकण लावलं. "लोक आळशी असतात. बरं वाटलं की यायचे थांबतात. असल्या बारीकसारीक गोष्टींत काय आहे? चार इंग्रजी पुस्तकं वाचून आजोबांची परीक्षा घ्यायला बसलीस?"

"आजोबा, मी परीक्षा नाही घेत. मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारलं."

"मग शिक आधी," ते म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवून उठले. ती फरशीवर करकरली. आसावरीने हिमानीकडे डोळे मोठे करून पाहिलं, हिमानीने खांदे उडवले, आणि श्रीरंगराव माडीवरच्या आपल्या खोलीकडे निघाले.

खोली तेरा पायऱ्यांवर. अलीकडे त्यांचा स्वतःचाच उजवा गुडघा कुरकुरायचा, पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ज्याच्या नावाच्या कॅप्सुला गाव खातंय त्याचा गुडघा दुखून कसं चालेल? सातव्या पायरीवर ते कठडा धरून थांबले. राग अजून गरम होता. आणि तिथे, कठड्याला टेकून दम खाताना, त्यांना महाविद्यालयातला बाह्यरुग्ण विभाग आठवला.

तो पहिल्या मजल्यावर होता. बावीस पायऱ्या. दगडी, उंच, मधल्या वळणावर कठडाच नव्हता.

त्यांना नववी रुग्ण आठवली. सीताबर्डीला भाजी विकणारी बाई, नाव आता आठवत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात ती पाचव्या पायरीवर बसली होती आणि वर निरोप पाठवला होता, की वैद्यबुवा, औषध खालीच धाडा, चढवत नाही. त्यांनी उलट निरोप पाठवला होता, की तपासणी वर होते, नियम सगळ्यांना सारखा. ती परत आली नाही. वहीत तिच्या नावापुढे त्यांनी 'अनियमित' लिहिलं होतं. ज्यांचे गुडघे सुधारले ते बावीस पायऱ्या चढून वर आले आणि त्यांनी आराम पडल्याचं सांगितलं. ज्यांचे सुधारले नाहीत त्यांना वर येऊन ते सांगता येणार तरी कसं होतं?

गुडघ्याचे रुग्ण आणि जिना. मोठमोठ्या प्राध्यापकांनी तो लेख वाचला होता, स्वतः त्यांनी शंभर वेळा वाचला होता, आणि कोणाच्या डोक्यात हा जिना आला नव्हता. श्रीरंगरावांना इतकी लाज वाटली, की ते त्या पायरीवर बसूनच राहिले. खूप वेळाने ते खाली आले तेव्हा हिमानी डोळे पुसत कपड्यांच्या घड्या करत होती.

"लिही," ते म्हणाले. "आठ जण आले नाहीत, कारण ओपीडी पहिल्या मजल्यावर होती."

हिमानीने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि मग तिच्या लक्षात आलं. ती हसली नाही. याचं श्रीरंगरावांना फार बरं वाटलं.

"पण तो जुना अभ्यास झाला," ते म्हणाले. मान अजून पुरती वाकलेली नव्हती. "इथले सतरा आहेत ना. इथे जिना नाही. सगळ्यांना आराम आहे."

"तुम्ही विचारलं?"

"मीच विचारलं. थांब, तुझ्यासमोर विचारतो." त्यांनी फोन स्पीकरवर टाकून सरलाताईंना लावला. सरलाताई साठी ओलांडलेल्या, पुण्याच्या, मुलाकडे राहायच्या. त्यांना हातांच्या बोटांचा संधिवात. "सरलाताई, श्रीरंग बोलतोय. फरक आहे ना?"

"हो सर, खूपच," सरलाताई म्हणाल्या. "तुमची कृपा."

श्रीरंगरावांनी फोन ठेवला आणि नातीकडे पाहिलं. वकिलाने साक्षीदार उभा करून खाली बसावं तसे ते बसले.

"आता मी विचारू?" हिमानी म्हणाली. "तुम्ही नसताना. तुम्ही आहात का असं त्यांनी विचारलं तर मला खोटं नाही बोलायचं."

ते मानाने उठले आणि स्वयंपाकघरात गेले. पण अमेरिकेतल्या घरात स्वयंपाकघराला दार कुठे असतं? ते आसावरीशेजारी ओट्याला पाठ लावून उभे राहिले आणि बैठकीतला शब्द न् शब्द ऐकू येत राहिला. हिमानीने सरलाताईंना आधी सांगितलं, की मावशी, हे माझ्या क्लाससाठी आहे, फोन स्पीकरवर आहे, आई घरात आहे. मग तिने फरक आहे का, हे विचारलंच नाही. तिने विचारलं, "मावशी, आज सकाळी कुकरचं झाकण तुम्ही लावलं का?"

सरलाताईंनी आवाज खाली घेतला. "सर आहेत का गं जवळ?"

"किचनमध्ये आहेत. ऐकू येऊ शकतं."

सरलाताईंनी सुस्कारा सोडला. "असू दे. केव्हातरी सांगायचंच होतं. झाकण नाही लागत गं. दोन महिने झाले. सूनबाई लावते. सकाळी मूठच वळत नाही, बटणं लावायला तास लागतो. आधी एवढं नव्हतं."

"आधी म्हणजे?"

"डॉक्टरांच्या गोळ्या होत्या तेव्हा. त्या बंद केल्या ना मी. पत्रकात लिहिलंय, बाकी औषधांची गरज नाही. आणि सरांचं नाव आहे वर, मग शंका कशाला घ्यायची? बाकीच्यांना गुण येतोय म्हणतात, मलाच उशीर लागत असेल."

"मावशी, प्लीज, सोमवारी डॉक्टरांना फोन करा. प्लीज."

"सर म्हणाले तर करते," सरलाताई म्हणाल्या. "पण त्यांना ऐकू गेलं नसेल तर तू सांगू नकोस. उद्या सत्कार आहे त्यांचा, वाईट वाटेल."

ओट्याशी उभ्या श्रीरंगरावांनी आसावरीकडे पाहिलं नाही. नळ बंद होता तरी त्यांनी तो पुन्हा घट्ट केला. एका बाईची मूठ वळत नव्हती आणि ते तिच्या नावापुढे 'आराम' लिहून मोकळे झाले होते. वैद्याकडून याहून मोठी चूक काय होणार? सतरा जणांच्या त्या वहीत अशा आणखी किती सरलाताई असतील, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आपण विचारून ते कधीच कळणार नाही, हेही आता त्यांना कळलं होतं.

रविवारी दुपारी कम्युनिटी सेंटरच्या खोलीत तीसएक माणसं होती. टेबलावर बाटल्यांचा मनोरा रचलेला, त्याच्याशेजारी पत्रकांची चळत. उल्हासने सुरेख भाषण केलं. त्याने श्रीरंगरावांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाला, "सर, दोन शब्द."

श्रीरंगरावांनी नारळ टेबलावर ठेवला. शाल काढून तिची नीट घडी घातली आणि नारळाशेजारी ठेवली.

"मी चौतीस वर्षं शिकवलं," ते म्हणाले. "माझ्या विषयाचा मला अभिमान आहे आणि तो कमी झालेला नाही. आज मी माझी चूक सांगणार आहे. पत्रकात तेविसातले वीस म्हणून सत्त्याऐंशी टक्के लिहिलंय. रुग्ण एकतीस होते. आठ जणांना जिना चढवला नाही म्हणून ते आले नाहीत, आणि मी त्यांना हिशेबात धरलंच नाही. पूर्ण आराम पडला तो चार जणांना. त्यांना दिलं ते औषध या बाटलीतलं नव्हतं. त्यांना शेकही मिळत होता, मालीशही मिळत होती. नुसत्या औषधाने किती आणि शेकाने किती, हे मी कधी तपासलंच नाही. संधिवात मुळापासून बरा होतो असं मी सिद्ध केलेलं नाही. इतर औषधांची गरज नाही, असं मी कधीही म्हटलेलं नाही, आणि माझं नाव त्या वाक्याखाली आहे याची मला शरम वाटते."

बाटल्यांच्या मनोऱ्याशेजारचा उल्हास एक पाऊल पुढे आला.

"सर," उल्हास हळू आवाजात म्हणाला, "मी माझ्या मनाचं काही छापलं नाही. तुमचंच छापलं."

"पुष्कळसं माझंच," श्रीरंगराव म्हणाले. "आणि राहिलेल्यावर मी न वाचता सही केली. दोष मी तुझ्यावर टाकत नाही. पण नाव माझं आहे आणि ते मी आज काढून घेतो. उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं ते तुझं तू बघ. माझ्या नावाने एकही जायची नाही." मग ते मंडळींकडे वळले. "आता एक महत्त्वाचं. तुमच्यापैकी कोणी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्यात का? हात वर करा."

एकही हात वर आला नाही. मोरेश्वरराव छताकडे बघत होते. सरलाताईंचे हात पदराखाली होते.

श्रीरंगरावांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. त्यांना राग आला नाही. ते मागे बसलेल्या नातीकडे बघून म्हणाले, "हिमानी, इकडे ये. ही माझी नात. हिला माझ्यापेक्षा चांगलं विचारता येतं. हिला खरं सांगा. मी बाहेर जाऊन बसतो."

"सर, असं कसं?" मोरेश्वरराव उठले. "तुम्ही कशाला बाहेर जाता? तुमचा सत्कार आहे."

"तेवढ्यासाठीच," श्रीरंगराव म्हणाले, आणि आपल्या सत्काराच्या सभेतून स्वतःच्या पायांनी बाहेर गेले. दार त्यांनी मागे नीट लावून घेतलं.

दाराला वरच्या बाजूला काचेचा एक उभा तुकडा होता. श्रीरंगराव आधी बाकावर बसले. मग राहवेना म्हणून उठले आणि काचेतून बघू लागले. ऐकू काही येत नव्हतं. हिमानी पुढे उभी होती, जीन्स आणि विद्यापीठाचा ढगळ स्वेटर घालून. तिचं मोडकं मराठी त्यांना तिच्या ओठांवरून कळत होतं. शब्द सापडला नाही की ती हाताने कुकरचं झाकण फिरवून दाखवत होती, शर्टाची बटणं लावून दाखवत होती. मंडळी हसत होती. मग हसणं थांबलं आणि मोरेश्वररावांनी हात वर केला. आपण नातीच्या वयाच्या मुलीसमोर कबूल करतोय, अशा ओशाळ्या चेहऱ्याने केला, पण केला. त्यांच्यामागे आणखी एक. मग खिडकीपाशी तीन. सरलाताईंनी पदराखालून सुजलेला हात काढला आणि जेमतेम खांद्यापर्यंत नेला.

श्रीरंगरावांनी मोजले. सहा. सहा जणांनी डॉक्टरांची औषधं थांबवली होती आणि गेले तीन महिने दर रविवारी खांद्यावर हात ठेवून विचारणाऱ्या त्यांना त्यांतला एकही सापडला नव्हता. त्या पोरीला दहा मिनिटांत सहाही सापडले. त्यांना वाईट वाटलं, खूपच वाटलं, पण त्याहून जास्त त्यांना तिचा अभिमान वाटला. आयुष्यभर ते विद्यार्थी घडवत आले होते. हा एक प्रश्न नीट विचारता येणारा विद्यार्थी त्यांच्या हातून एकही घडला नव्हता, आणि तो त्यांच्या घरातच, धुण्याचं पोतं घेऊन ये-जा करत होता.

आत उल्हास टेबलापाशी उभा होता. त्याने कोणाकडेही न बघता पत्रकांची चळत उचलली आणि खोक्यात घातली.

थोड्या वेळाने दार उघडलं. हिमानी बाहेर आली, तिच्या हातातल्या कागदावर सहा नावं आणि प्रत्येकापुढे डॉक्टरांचा फोन नंबर. "सगळे उद्या कॉल करणार," ती म्हणाली. "मी प्रॉमिस घेतलं. आजोबा, तुम्ही ठीक आहात?"

"मी उत्तम आहे," श्रीरंगराव म्हणाले. "तुझ्या मास्तरांना सांग, असाइनमेंटमध्ये जिन्याचं लिही म्हणून आजोबांनी स्वतः सांगितलंय. पहिल्याच पानावर लिही."

"आय ॲम सो प्राउड ऑफ यू," हिमानी म्हणाली, आणि हे मराठीत कसं म्हणायचं ते तिला सापडेना, म्हणून तिने त्यांचा दंड घट्ट धरला.

तिच्या मागोमाग सरलाताई आल्या. सुजलेला हात अजून पदराबाहेरच होता. त्या श्रीरंगरावांसमोर थांबल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"सर, डॉक्टर मला रागावतील. उद्या त्यांनी बोलावलं तर तुम्ही याल का बरोबर?"

"येतो," श्रीरंगराव म्हणाले. "आसावरी गाडी चालवेल. पण मी बाहेर बसेन, सरलाताई. आत तुम्ही एकट्या जा, आणि ते विचारतील ते सगळं खरं सांगा."